खुणा आहेत, दुखणं नाही

अकोटहून पोपटखेडच्या वाटेला लागलं की सातपुड्याची निळी रेघ जवळ येत जाते आणि मधूनमधून संत्र्याच्या बागा दिसू लागतात. बागाईतदाराशी बोलायला बसा, पहिल्या दहा मिनिटांत डिंक्याचा विषय निघतोच. खोडाची साल तडकते, तिच्यातून डिंक पाझरतो, पानं पिवळी पडतात आणि झाड हळूहळू वाळतं. रांगेतली चार झाडं अशी जातात आणि पाचवं उभं राहतं. त्याच्याही सालीवर डिंक असतो, पण पानं गर्द आणि फळ भरघोस. मग बांधावर वाद रंगतो. एक म्हणतो, खुंट चांगला लागला. दुसरा म्हणतो, खुंटाचं काही नाही, त्या जागी पाणी साचत नाही एवढंच.

मेंदूच्या बाबतीत नेमका हाच वाद गेली चार दशकं चालू आहे.

त्याची ठळक सुरुवात १९८८ सालची. रॉबर्ट कॅट्झमन, रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात राहिलेल्या १३७ वृद्धांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. बहुतेकांचा हिशेब जुळला. ज्यांना जिवंतपणी विसर पडत होता, त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा सापडल्या. दहा जणांनी मात्र पंचाईत केली. त्यांच्या मेंदूत खुणा होत्या, पण मरेपर्यंत ती माणसं तल्लख होती, त्या शुश्रूषागृहातल्या सगळ्यात हुशार मंडळींत मोडणारी. त्यांचे मेंदू वजनाला जास्त भरले आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही अधिक होत्या. असं का, याची दोन उत्तरं संशोधकांनीच देऊन ठेवली. एकतर या माणसांच्या पेशी कशामुळे तरी मेल्या नाहीत, किंवा मुळातच त्यांच्याकडे शिल्लक जास्त होती. अकोटच्या बांधावरचा वाद यापेक्षा वेगळा नाही.

खुणांची गोष्ट अर्थात त्याच्याही मागे जाते. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर अलोइस अल्झायमर तिच्यासमोर बसून प्रश्न विचारत आणि उत्तरं टिपून ठेवत. दुपारच्या जेवणात ती फुलकोबी आणि डुकराचं मांस खात होती. काय खातेस, असं विचारल्यावर ती पालक म्हणाली. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, अल्झायमरनी तिचा मेंदू मागवून घेतला आणि काप काढून चांदीच्या क्षारांनी रंगवले. पेशींच्या बाहेर गाळासारखे ठिपके होते आणि पेशींच्या आत सुताच्या गुंत्यासारखे धागे. त्या गाळाला पुढे अमायलॉइड आणि गुंत्यातल्या प्रथिनाला टाऊ अशी नावं पडली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगनच्या सभेत अल्झायमरनी हे सगळं मांडलं, पण श्रोत्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. आजाराला त्यांचं नाव मिळालं ते १९१० साली, एमिल क्रेपेलिन यांच्या ग्रंथात.

आपल्याकडे नावाची गरजच भासली नव्हती. साठी बुद्धी नाठी, एवढ्यावर विषय मिटत असे. म्हातारी पोरीला बहीण समजायला लागली किंवा म्हातारा बाजारातून घरी यायची वाट चुकला, तर ते वयाचं लक्षण. त्यासाठी कोणी अकोल्याला डॉक्टरकडे नेत नसे.

कॅट्झमन यांच्या दहा जणांना लवकरच मोठी सोबत मिळाली. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये कॅथलिक जोगिणींचा अभ्यास सुरू केला होता. एकाच संघातल्या ६७८ जोगिणी, एकसारखं अन्न, एकसारखी दिनचर्या, ना दारू ना विडी. तुलनेसाठी याहून सोयीचा गट मिळणं कठीण. सगळ्यांनी मरणोत्तर मेंदू देण्याचं कबूल केलं. त्यांतली एक, सिस्टर मेरी, ८४ वर्षांची होईपर्यंत शिकवत होती आणि १०१ व्या वर्षी वारली. शेवटपर्यंत स्मरणाच्या चाचण्यांत तिला चांगले गुण मिळत. मेंदू उघडला तर त्यात गाळही होता आणि गुंतेही होते, भरपूर. संघात येताना विशीतल्या मुलींनी स्वतःची चार ओळींची हकिगत लिहून द्यायची पद्धत होती. स्नोडन यांनी ते जुने कागद काढले. ज्यांच्या वाक्यांत कल्पनांची दाटी होती, त्यांना साठ वर्षांनंतर अल्झायमर कमी झालेला दिसला. विशीतल्या गद्याचा म्हातारपणाच्या मेंदूशी असा संबंध निघावा, याचं लिहिणाऱ्या माणसाला थोडं भय वाटतं, हेही खरं.

कॅट्झमन ज्या विद्यापीठात होते, त्या सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातच एका मराठी मानसोपचारतज्ज्ञाने वार्धक्याकडे याच अंगाने पाहिलं. दिलीप जेस्ते पुण्यात डॉक्टर झाले, मुंबईत मानसोपचार शिकले आणि अमेरिकेत वृद्धांचे आजार हाताळता हाताळता न बिघडलेल्या वृद्धांकडे वळले. म्हातारपण चांगलं जातं ते कोणाचं आणि का, हा त्यांचा विषय. २०१२ मध्ये ते अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. दुसरं मराठी नाव क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये काम केलेल्या संजय पिंपळीकरांचं. आजाराचं मूळ अमायलॉइडच्या गाळातच आहे, हे गृहीतक १९९२ पासून या क्षेत्रावर राज्य करत होतं. पिंपळीकरांनी २००९ मध्ये त्याची फेरतपासणी मागितली आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहून, केवळ गाळ दिसतो म्हणून निरोगी माणसावर आजाराचा शिक्का मारू नका, असा इशारा दिला. गाळ काढणारी औषधं आता आली आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबने दीड वर्षात घसरणीचा वेग सुमारे २७ टक्के कमी केला, थांबवला नाही. म्हणजे गाळाचा संबंध आहे, पण सगळी गोष्ट गाळात नाही.

मग भारतात काय? नव्वदीच्या दशकात विजय चंद्रा आणि मेरी गांगुली यांच्या गटाने हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या गावांमध्ये ५५ वर्षांवरच्या ५,१२६ माणसांची पाहणी केली. त्यांतल्या ७३ टक्क्यांहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि स्मरणाच्या परदेशी चाचण्या तर शाळेत गेलेल्यांसाठी बनवलेल्या. शंभरातून सात-सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, कागदावरची सूचना वाचून डोळे मिटा. गांगुली यांनी चाचणी मुळापासून बदलली. विसातून तीन-तीन वजा करा. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा. आणि कागदावरच्या सूचनेऐवजी, माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा; मग तपासणारा आपले डोळे मिटत असे. अशा साध्या बदलांमुळे निरक्षर शेतकऱ्याचा मेंदू पहिल्यांदा नीट मोजला गेला. वऱ्हाडातल्या एखाद्या बुढीला इंग्रजी तारीख विचारून बावळट ठरवणं सोपं आहे. तिथी, पोळा आणि कुणाचं लग्न कोणत्या साली झालं, हे विचारलं तर ती तपासणाऱ्यालाच चुका दाखवील.

निकालाने मात्र सगळ्यांना कोड्यात टाकलं. ६५ वर्षांवरच्यांत अल्झायमरच्या नव्या रुग्णांचं प्रमाण बल्लभगडमध्ये हजारी ४.७, तर तुलनेला घेतलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या खोऱ्यात हजारी १७.५. शिक्षण मेंदूची ढाल आहे असं मानावं, तर हे उलटंच झालं. स्पष्टीकरणं बरीच आली. आजारी माणसं लवकर दगावत असतील. कुटुंबाने आजार लपवला असेल, किंवा ओळखलाच नसेल. आणि रक्तात सापडलेली एक गोष्ट: अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ हे जनुकरूप बल्लभगडमध्ये ७ टक्के आणि पेनसिल्व्हेनियात ११ टक्के. थोडक्यात, खुंटाचाही भाग निघाला आणि जागेचाही. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने आपली खुशी उतरवली. भारतात साठीवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा तिचा अंदाज.

जागेच्या बाजूने सगळ्यात चकित करणारा पुरावा हैदराबादचा. सुवर्णा अल्लाडी आणि थॉमस बाक यांच्या गटाने २०१३ मध्ये निम्स रुग्णालयाच्या स्मृतिभ्रंश विभागात आलेल्या ६४८ रुग्णांचा लेखाजोखा मांडला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाला होता, आणि हा फरक निरक्षरांतही टिकला. रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांचाच हा अभ्यास, त्यामुळे शंका घेणारे शंका घेतात आणि ते रास्तच आहे. तरी अकोटच्या बाजारात उभं राहून हा निष्कर्ष वाचला तर हसू येतं. मेळघाटातून उतरलेला कोरकू माणूस बायकोशी कोरकूत बोलतो, ती भाषा मुंडा कुळातली, मराठीशी कसलंही नातं नसलेली. किराणा दुकानदाराशी तो हिंदीत बोलतो, शेतमालकाशी वऱ्हाडीत, आणि पोराच्या शाळेत गुरुजींची प्रमाण मराठी ऐकून घेतो. एका दिवसात चार वेळा मेंदूचे रूळ बदलणाऱ्या या माणसाला कुणी बहुभाषिक म्हणत नाही.

इथवर सगळं माणसं मोजणं, प्रश्न विचारणं आणि मेल्यावर कवटी उघडणं. प्रत्यक्ष घडताना पाहायचं कसं? जिवंत माणसाच्या मेंदूतून पेशी काढून घेता येत नाहीत. त्यासाठी दुसरीच परंपरा कामी आली, काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची, आणि ती महाराष्ट्रात रुजवणारी बाई पुण्याची होती.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा. हुजूरपागा, फर्ग्युसन, मग सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर एम.एस्सी. लग्नानंतर त्या कमल रणदिवे झाल्या, मुंबईला आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या. पीएच.डी. झाल्यावर दोन-चार वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत जाऊन हात बसवायचा, याला आता पोस्टडॉक म्हणतात. खानोलकरांच्या आग्रहाने रणदिवे त्यासाठी बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून अमर ठरलेली हेला पेशीमालिका वाढली, तीही तिला न विचारता. रणदिवे परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उतारवयात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचं कामही केलं. इंग्रजी नोंदींत तिथे ‘अकोला’ तालुका लिहिलेला आढळतो आणि वऱ्हाडी माणूस क्षणभर सुखावतो, पण ते तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं अकोले. २००१ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

त्याच २००१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचं नाव पेशींच्याच कारणाने जगभर झालं. अमेरिकेच्या अध्यक्षांनी मानवी भ्रूणाच्या मूलपेशींवरच्या संशोधनाला मर्यादित सरकारी पैसा द्यायचं ठरवलं आणि मान्य मालिकांची यादी निघाली. एकूण ६४ पैकी १० भारतातल्या, सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या आणि तीन बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेच्या. गाजावाजा खूप झाला, मात्र यादीतल्या मोजक्याच मालिका प्रत्यक्ष कामाच्या निघाल्या. परळमधल्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने पुढे ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ या मालिका तयार केल्या, आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राची पेशीपेढी देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवत राहिली.

मूलपेशींसाठी भ्रूण वापरावं लागण्याची अडचण क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी सोडवली. उंदराच्या कातडीतल्या पेशीत त्यांनी चार जनुकं घातली आणि पेशी मागे फिरून मूलपेशी झाली. २००६ मध्ये उंदीर, २००७ मध्ये माणूस, २०१२ मध्ये नोबेल. म्हणजे आता कुणाच्याही दंडावरच्या कातडीचा कपटा घ्या, मूलपेशी करा आणि तिच्यापासून त्याच माणसाच्या चेतापेशी वाढवा. संत्र्याच्या फांदीवरून डोळा काढून नव्या खुंटावर बांधावा, तसंच हे.

न बिघडलेल्या मेंदूच्या शोधात हे तंत्र पडलं आणि गोष्टीला वेग आला. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात एक मोठं कुटुंब आहे, हजारो माणसांचं. त्यांच्यातल्या एका जनुकदोषामुळे चाळिशीतच विसर पडायला लागतो. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरने आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. त्यांच्यातली अलिरिया पिएद्राइता दे विएगास ही बाई दोष घेऊन जन्मली, पण सत्तरीत येईपर्यंत तिला काही झालं नाही. तिला बोस्टनला नेऊन मेंदूची छायाचित्रं काढली तेव्हा अमायलॉइडचा गाळ इतका होता की तपासणारे थक्क झाले. टाऊचे गुंते मात्र कमी. २०१९ मध्ये कारण जाहीर झालं: तिच्या एपीओई जनुकाच्या दोन्ही प्रतींत ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ बदल होता. २०२० मध्ये ती ७७ व्या वर्षी वारली. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेने तोच बदल, एपीओई-४ असलेल्या माणसाच्या मूलपेशींत मुद्दाम घडवून त्यांच्या चेतापेशी केल्या. टाऊचा साठा कमी झाला. एका बाईच्या नशिबाचा तुकडा दुसऱ्याच्या पेशीत लावून पाहिला आणि तो लागू पडला. त्याच वर्षी कोलंबियाच्या त्याच कुळातल्या एका पुरुषाची हकिगत आली. त्याला वाचवणारा बदल वेगळाच, रीलिन नावाच्या प्रथिनातला.

शिकागोत डेव्हिड बेनेट यांनी १९९४ मध्ये जोगिणी, धर्मगुरू आणि धर्मबंधूंपासून सुरू केलेल्या अभ्यासात दरवर्षी स्मरण तपासतात आणि शेवटी मेंदू घेतात. बोस्टनच्या ट्रेसी यंग-पिअर्स यांच्या गटाने २०२१ मध्ये यातल्या पन्नासहून अधिक माणसांच्या पेशींपासून भांड्यात चेतापेशी वाढवल्या आणि त्या भांड्यातलं अमायलॉइड-टाऊ त्याच माणसाच्या मेंदूशी ताडून पाहिलं. संबंध जुळला. एमआयटीच्या ली-ह्वेई त्साई आणि मानोलिस केलिस यांच्या गटाने २०२३ मध्ये याच संग्रहातल्या ४२७ मेंदूंमधल्या २३ लाख पेशी एकेक करून वाचल्या. तल्लख राहिलेल्यांत काही विशिष्ट शामक चेतापेशी जास्त टिकल्या होत्या, आणि त्यांतल्या एका जातीची खूण पुन्हा तेच रीलिन.

या कामाचा पाया म्हणजे रोजची चाकरी. मूलपेशींना जवळजवळ रोज ताजं द्रावण द्यावं लागतं, रविवार असो की लक्ष्मीपूजन. पेशी ठेवायच्या पेटीत ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. एखाद्या दिवशी चुकलं तर वसाहत आपल्या मनाने भलत्याच पेशींत बदलते आणि तीन महिन्यांची मेहनत कचऱ्यात जाते. बुरशी शिरली तर शेजारच्याचीही भांडी जातात आणि मग प्रयोगशाळेत कोणी कोणाशी बोलत नाही. पोस्टडॉक करणाऱ्यांची दोन-तीन वर्षं यातच सरतात.

आणि एवढं करून एक मोठी मेख उरते. यामानाकांच्या युक्तीत पेशीचं वयही पुसलं जातं. नव्वद वर्षांच्या म्हातारीच्या कातडीपासून केलेली चेतापेशी भांड्यात नवजात असते. तिने साठ वर्षं शिकवलेलं, चार भाषा बोललेलं, कापूस वेचताना गायलेलं, यातलं काही त्या भांड्यात येत नाही. भांडं खुंटाबद्दल सांगतं. पाणी कुठे साचत होतं, ते सांगत नाही. म्हणून शिकागोच्या संग्रहाची किंमत एवढी: तिथे एकाच माणसाची पेशीही आहे आणि वीस-वीस वर्षांची नोंदही.

भारतात हे दोन्ही धागे एकत्र आणायचा प्रयत्न दक्षिणेत चालू आहे. बंगळुरूत एनसीबीएस, इनस्टेम आणि निमहान्स या संस्था मिळून मानसिक आजारांच्या कुटुंबांतल्या माणसांच्या मूलपेशी साठवतात, त्यांत स्मृतिभ्रंशाची कुटुंबंही आहेत. आणि भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूरच्या खेड्यांमधल्या १०,००० माणसांचा वर्षानुवर्षं माग ठेवायचं काम करतं. तिथली भाषा म्हणाल तर कन्नड आणि तेलुगू, घराघरांत दोन्ही. शेतीही साधीच, आंबा आणि टोमॅटो.

बंगळुरू असो की बोस्टन, पेटीचं दार उघडल्यावर पहिल्यांदा नजर जाते ती रंगाकडे. द्रावणात फिनॉल रेड नावाचं रंगद्रव्य असतं. ते लालसर असलं तर पेशींचं बरं चाललंय, पिवळट व्हायला लागलं तर त्यांनी अन्न संपवलंय आणि द्रावण आंबतंय. ही पिढ्यान्‌पिढ्यांची खूण आजही तशीच वापरतात. रविवारी संध्याकाळी कुणीतरी एक पोस्टडॉक दार उघडतो, भांडं उजेडाकडे धरतो, कडेला पिवळी झाक दिसते, आणि तो कोट अडकवून नवी बाटली गरम करायला ठेवतो.